अकरा नंबरची कुंडी

तेव्हा तनू दुपारी साडेबाराला झोपायची आणि दोनला उठायची. मधला दीड तास माझा. बाकीचा दिवस तिचा, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. माझं बोट मुठीत धरून ती चालायची तेव्हा मला दुसरीकडे कुठे असावंसंही वाटत नसे. पण त्या दीड तासात मी भांडी घासायची नाही, कपड्यांच्या घड्या घालायच्या नाहीत, असं ठरवून टाकलं होतं. बूट चढवायचे, बेबी मॉनिटर कोटाच्या खिशात टाकायचा आणि मागच्या दारानं बाहेर पडायचं.

आमचं घर ब्रिस्टलला, होर्फिल्डमध्ये. मागची बाग उत्तरेकडची, आणि तिच्यावर शेजारच्यांचा भला थोरला बीच वृक्ष वाकलेला. खाली गवत टिकत नाही, गुलाब रुसून बसतो. नकुल म्हणत होता, फरशी घालून टाकू, मोकळे होऊ. मी म्हटलं, थांब जरा, सावलीतही काहीतरी राहत असेलच की.

ते काय राहतं, ते मला एप्रिलमध्ये तनूमुळे कळलं. चार गल्ल्या सोडून एका घरापुढे झाडाखालची सगळी जमीन पांढरी झाली होती. बोटभर उंचीची, चांदणीसारखी फुलं, शेकड्यांनी. तनू बाबागाडीतून उतरली ती सरळ त्यांच्यात.

"दुसऱ्यांच्या बागेतलं तोडायचं नाही, तनू," मी तिला मागे ओढत म्हटलं.

"एक तोडू दे तिला," खिडकीतून आवाज आला. "दोन मागितली तर बघू."

हे दीनानाथकाका. सत्तरच्या दशकात इथे आले, विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलं, आता ऐंशीचे. त्यांनीच सांगितलं की या फुलांना वुड ॲनिमोनी म्हणतात, जंगलात मोठ्या झाडांखाली वाढतात, झाडांना पानं फुटायच्या आत घाईघाईनं फुलून घेतात. जून आला की पानासकट गायब. जमिनीवर खूणही उरत नाही.

"मरतात?"

"झोपतात," काका तनूकडे बघत म्हणाले. "हिच्यासारखीच. फक्त नऊ महिने."

त्यांची बायको, आसावरीकाकू, ही फुलं जमवायची. निळसर, हिरवट, दुहेरी, जिथे जे मिळेल ते आणून लावायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली. पण त्या बागेतलं एक फूल कुठून आणलेलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी एका सकाळी ते तिला हेझलच्या झाडाच्या बुंध्याशी आपोआप उगवलेलं दिसलं. बाकीच्यांना सहा-सात पाकळ्या, याला अकरा. पाकळी पांढरी, पण मागच्या बाजूनं मधोमध एक जांभळी रेघ, पेनानं ओढावी तशी. याला नाव नव्हतं. काका त्याला नुसतं "तिचं" म्हणायचे.

"दोघा-तिघांना दिलं होतं तिनं. कुणाकडे टिकलं नाही. सगळे खोल पुरतात. हे वरच्यावर लावायचं असतं, दोन बोटं मातीखाली. वरून पाला."

काकांनी घर विकलं होतं. ते एजवेअरला मुलाकडे, राजीवकडे राहायला जाणार होते, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. नव्या मालकाला झाडाखालच्या जागेत दोन गाड्या लावायच्या होत्या. मे महिन्याच्या शेवटी, पानं पिवळी पडली तेव्हा काकांनी मला बोलावलं आणि बिस्किटांचा डबा हातात दिला. आत ओलसर पाल्यात गुंडाळलेल्या काड्या. खरंच काड्या. तपकिरी, काडेपेटीतल्या काडीएवढ्या जाड, वाकड्यातिकड्या. मी हे टाकूनच दिलं असतं.

"हीच ती. ही जमिनीखालून आडवी सरकत जाते, वर्षाला बोटभर. आठ जाती आहेत, प्रत्येकीची पुडी वेगळी. आणि या सात तिच्या. एवढ्याच आहेत, मंजिरी. जगात एवढ्याच."

बरोबर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या होत्या, मातीत खोचायच्या. त्यांवर पेन्सिलीनं काकूचं अक्षर, बारीक, उजवीकडे झुकलेलं. तिच्या फुलाच्या पट्टीवर फक्त "हेझलखालचं" एवढंच लिहिलेलं.

"एप्रिलमध्ये फोन कर," काका म्हणाले. "फुललं म्हणून सांग. बाकी मला काही नको."

मी हो म्हटलं. असं हो म्हणताना आपण काय घेतोय, ते कळत नाही.

तनूच्या पाच झोपांत सगळं लावून झालं. बीचखाली वाफा केला, दोन बोटं खोल, वरून कुजलेला पाला, पट्ट्या खोचल्या. काका दर रविवारी अकराला फोन करायचे. काही विचारण्यासारखं नसायचं, कारण वर काही दिसणारच नव्हतं. तरी विचारायचे, "झोपलीयेत ना नीट?"

जूनमध्ये सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या. आई म्हणजे स्वस्थ न बसणारी बाई. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी डब्यांवरची धूळ पुसली, आठव्या दिवशी नकुलच्या सगळ्या शर्टांची बटणं घट्ट केली. मी त्यांना वाफा दाखवला होता. पण काय दाखवला, तर उघडी माती आणि वर पाचोळा. बाळंतपणापासून मी फार वाळलेय, असं त्यांचं मत होतं, आणि मला मेथी आवडते हे त्यांच्या लक्षात होतं.

त्या दिवशी मी तनूला घेऊन लायब्ररीतल्या गाण्यांच्या वर्गाला गेले होते. परत आले तर आई मागच्या दारात उभ्या, साडीचा पदर खोचलेला, चेहरा उजळलेला.

"डोळे मिट बघू," म्हणाल्या.

मी मिटले. त्यांनी मला हाताला धरून बागेत नेलं. उघडले तर बीचखालची जमीन चहाच्या गाळण्यातून काढल्यासारखी मऊ, सारखी केलेली, सरी पाडलेल्या. पाला नाही. पट्ट्या नाहीत.

"तीन आठवड्यांत मेथी खाशील. काय माती आहे गं, काळीभोर. अशी माती मोकळी ठेवतात का कुणी? नुसत्या मेलेल्या मुळ्या होत्या आत, सगळ्या वेचून कचऱ्याच्या त्या हिरव्या बिनमध्ये टाकल्या."

तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल, या भीतीनं मी आत वळले. स्वयंपाकघरात गेले तर सिंकशेजारी त्या पट्ट्या एकावर एक रचून ठेवलेल्या. घासणीनं घासून लख्ख केलेल्या. पांढऱ्याशुभ्र. एकीवरही अक्षर नाही.

"पुसून ठेवल्यात, परत उपयोगी येतील," मागून आई म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, हळू आवाजात, "काय झालं गं?"

मी सांगितलं. काका, काकू, हेझल, सात काड्या. सांगताना तनू माझ्या कडेवर होती आणि माझ्या गालावर हात फिरवत होती, म्हणून मला रडता आलं नाही. आई खुर्चीवर बसल्या.

"मग ती फुलं होती म्हणून बोलायचं तरी नीट. मला वाटलं, तुझा नुसता नाद."

"नादच आहे."

"बिन कधी नेतात?"

"उद्या सकाळी."

"मग बसलीस काय," असं म्हणून त्याच आधी उठल्या.

अंगणातल्या फरशीवर जुनी चादर पसरली आणि दोघींनी मिळून बिन उपडा केला. गवताचं कातरण, पाला, मातीची ढेकळं, कुंपणाच्या छाटलेल्या फांद्या. आणि त्यांत कुठेतरी माझ्या काड्या, खऱ्या काड्यांसारख्याच दिसणाऱ्या. मी एक उचलून मोडली. आत पांढरी, रसरशीत. आईंना दाखवली.

त्यांनी ती हातात घेतली, नखानं टोचली, नाकाशी नेली. त्यांच्या माहेरी हळदीची शेती.

"मुळी कुठली, हा तर कंद आहे," त्या म्हणाल्या. स्वतःवरच चिडल्या होत्या. "हळकुंडाची खापरपणती. एवढं बारीक असतं काय कुणाचं बेणं? हा बघ डोळा. डोळा आहे तो तुकडा जगणार, नाही तो नाही. आण ती परात."

मग त्या परात मांडीवर घेऊन बसल्या आणि तांदूळ निवडावेत तशा निवडू लागल्या. एक मूठ घ्यायची, परातीत पसरायची, बोटांनी अलीकडची पलीकडे सारायची. मला जिथे नुसता कचरा दिसत होता तिथून त्यांची बोटं एकेक तुकडा उचलत होती. मी ओल्या फडक्यात ठेवत होते. तनू मधूनच एखादी खरी काडी आणून परातीत टाकायची आणि आई तिचीही नखानं परीक्षा करायच्या. "नापास," म्हणायच्या. तनूला ते फार आवडलं.

नकुल ऑफिसमधून आला तेव्हा आम्ही तिघी चिखलात होतो आणि जेवायला काही नव्हतं. त्यानं एकदा चादरीकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि न विचारता अंडी उकडायला ठेवली.

तेवीस तुकडे निघाले. बाकीचे उन्हानं सुकले होते किंवा चुरा झाले होते. तेवीस तुकडे, आणि कुठला कुणाचा हे सांगणारं काहीही नाही. सातातले किती त्यात आले, एकतरी आला का, कुणास ठाऊक.

"वेगवेगळे लाव," आई म्हणाल्या. "एक तुकडा, एक कुंडी. फुलेल तेव्हा कळेल कोण कोण ते."

त्या पुसलेल्या पट्ट्यांवर मी एक ते तेवीस आकडे घातले. कमी पडल्या तिथे दह्याचे डबे कापले. उत्तरेच्या भिंतीशी कुंड्यांची रांग लागली. "तेवीस कुंड्या आणि एक बायको," नकुल म्हणाला. "पैकी पाणी फक्त कुंड्यांना."

रविवारी अकराला फोन वाजला. मी ठरवलं होतं, सांगायचं नाही. एप्रिलपर्यंत वेळ आहे, काय सांगावं, येईलही. पण काकांनी विचारलं, "झोपलीयेत ना नीट?" आणि माझ्यानं हो म्हणवलं नाही. सगळं सांगितलं. पट्ट्यांचंही. सासूबाईंचं नाव न घेता सांगायचा प्रयत्न केला, जमला नाही.

"पट्ट्याही?" काका म्हणाले.

"हो."

"बरं." मग, "तनू बरी आहे ना? ठेवतो."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी केला तर राजीवनं उचलला. तो इथेच जन्मलेला, मराठी बोलतो पण जपून, घसरड्यावरून चालावं तसं. "बाबा ठीक आहे. म्हणजे, आहेत. पण ते फोनवर यायला नको म्हणतात. फूलविषयी बोलत नाही ते. सॉरी हं, इट्स नॉट यू."

मला माहीत होतं, कारण मीच होते.

आई डिसेंबरात परत गेल्या. विमानतळावर तनूचे पापे घेऊन झाल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "पाणी साचू देऊ नको. आणि उन्हात नको. हळदीचं म्हणशील तर धीर धरणाऱ्याची ती." मी मान हलवली. त्या सहा महिन्यांत त्यांनी माझी एकदाही माफी मागितली नाही, पण रोज सकाळी चहाच्या आधी कुंड्यांवरून हात फिरवून यायच्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सहा नंबरमध्ये एक वाकडी मान वर आली. मग चौदा, मग दोन. एकूण सतरा कुंड्यांत पानं आली. चारांत फुलं. चारही ओळखीची, दोन निळसर, दोन साधी पांढरी. बाकीच्या तेरांत नुसती पानं, आणि मे संपताना तीही गेली.

"इतके लहान तुकडे पहिल्या वर्षी फुलत नाहीत," असं मी नकुलला सांगितलं. ते कुठे वाचलं होतं की स्वतःच ठरवलं होतं, आता आठवत नाही.

त्या वर्षी तनूनं दुपारची झोप सोडली. दीड तास गेला. मग मी तिच्या वेळातूनच वेळ काढायला शिकले. ती टबात असताना पाच मिनिटं, ती चित्र काढत असताना दहा. कधी सकाळी सहाला, ती उठायच्या आधी, पायजम्यावर कोट घालून. शरद ऋतूत बीचची पानं पोत्यांत भरून ठेवली, आदल्या वर्षीची कुजलेली कुंड्यांवर घातली. गोगलगायी हातानं उचलल्या. तनू प्रत्येक गोगलगायीला बाय म्हणायची. ऑगस्टमध्ये दोन आठवडे पाऊस पडला नाही तेव्हा भांडी धुतलेलं पाणी नेऊन घातलं. रिकाम्या कुंड्यांना रोज पाणी घालणारी बाई बघून शेजारची हेलन काय समजली असेल ते असो. ज्या सहा कुंड्यांत काहीच उगवलं नव्हतं, त्यांनाही मी सोडलं नाही. आई व्हिडिओ कॉलवर हजेरी घ्यायच्या. "नऊ? बारा? बरं, अकराचं काय?"

अकरा त्या सहांपैकीच एक.

या वर्षी मार्चच्या शेवटी अकरामध्ये पान आलं. एकच. त्याच्या पोटात, मान खाली घातलेली, मिरीच्या दाण्याएवढी कळी. मी कुणाला सांगितलं नाही. दोन एप्रिलला सकाळी दहाला ऊन त्या भिंतीच्या टोकाशी पोचलं आणि ती उघडली. मी गुडघ्यांवर बसून मोजलं. तनूनंही मोजलं, आता तिला मोजता येतं. मला अकरा मिळाल्या, तिला चौदा. मी बोटानं फूल हळूच मागे वळवलं.

जांभळी रेघ. पेनानं ओढावी तशी.

मी तिथेच बसून राहिले. मग आत जाऊन राजीवला मेसेज केला, उद्या येऊ का. त्याचं उत्तर आलं, "Please come." नकुल म्हणाला, शनिवारी गाडीनं सोडतो. पण शनिवारी वादळ सांगितलं होतं आणि फुलाचा काही नेम नाही. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या ट्रेननं निघाले. कुंडी तनूच्या समुद्रावर न्यायच्या बादलीत ठेवली, भोवती तिचे मोजे कोंबले. फूल उघडं होतं. पॅडिंग्टन येईपर्यंत आभाळ भरून आलं, आणि नॉर्दर्न लाइननं आम्ही शेवटच्या स्टेशनला, एजवेअरला, पोचलो तेव्हा बाहेर बारीक पाऊस होता. मी बादलीत वाकून पाहिलं. फूल मिटलं होतं. मान टाकून, पाकळ्या घट्ट. मला आता ते कुठल्याही ॲनिमोनीसारखं दिसत होतं.

"झोपलं," तनू म्हणाली.

दार काकांनीच उघडलं. बारीक झाले होते, स्वेटर अंगावर लोंबत होता. माझ्याकडे न बघता ते तनूला म्हणाले, "उंच झालीस की. अजून फुलं तोडतेस का?"

"तोडायची नाहीत," तनूनं त्यांना समजावलं.

मी बादली टेबलावर ठेवली आणि घाईघाईनं बोलत सुटले. "काका, काल उघडलं होतं. अकरा पाकळ्या, मी मोजल्या. फोटो आहे माझ्याकडे. आता वाटेत मिटलं, पावसामुळे, थांबा, दाखवते." फोन सापडेना. तो होता कोटाच्या खिशात, मी शोधत होते पिशवीत.

काका खुर्ची ओढून बसले. चष्मा लावला. एक बोट फुलाखाली घालून त्यांनी ती मान अगदी थोडी उचलली आणि दिव्याकडे वळवली. मिटलेल्या फुलाच्या पाकळ्यांच्या पाठीच तेवढ्या बाहेर दिसतात. त्यांवर रेघा होत्या, एकीशेजारी एक, छत्रीच्या काड्यांसारख्या.

"फोटो राहू दे," ते म्हणाले.

मी फोन शोधायचं थांबवलं.

"मी कारखान्यात सकाळी सातला जायचो. तेव्हा ही मिटलेली. संध्याकाळी यायचो तेव्हा परत मिटलेली. ती म्हणायची, आज काय फुललं होतं, तुम्ही बघायला हवं होतं. शनिवारी बघेन म्हटलं, की शनिवारी पाऊस. रिटायर होईपर्यंत पंधरा वर्षं मी हे असंच पाहिलंय, मंजिरी. उघडलेलं तिनं ओळखलं असतं. मिटलेलं मला विचार."

त्यांचं बोट बराच वेळ तिथेच राहिलं. तनू टेबलाला हनुवटी टेकवून फुलाकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघत होती.

"यावर अकरा कशाला लिहिलंयस?"

"नंबर आहे. तेवीस होत्या."

त्यांनी पट्टी उपसून काढली, उलटी केली. "ही तिच्या पट्ट्यांतलीच ना?"

"हो. आईंनी घासलेली." मी पट्टीकडे बघत म्हटलं. "काका, ते अक्षर परत..."

"ते गेलं," काका म्हणाले. रागानं नाही, पण सोडूनही दिलं नाही. मग ड्रॉवरमधून पेन्सिल काढली आणि कोऱ्या बाजूवर इंजिनिअरच्या सरळ, ठोकळ्यासारख्या अक्षरांत लिहिलं, "हेझलखालचं". खाली आजची तारीख. पट्टी जागच्या जागी खोचली, दोनदा दाबून बघितली.

"आजचा दिवस इथे राहू दे, तुम्हीही राहा. उद्या ऊन आलं तर नऊच्या सुमाराला उघडेल, मला उघडलेलं बघायचंय. मग घेऊन जा. इथे माती नाही. वादळ सरलं की रविवारी राजीवला घेऊन येतो मी, बाकीच्या बावीस बघायला. आणि याचे दोन तुकडे होतील तेव्हा एक दुसऱ्या घरात द्यायचा. एका घरात ठेवायचं नाही, कळलं? दोघा-तिघांकडे टिकलं नाही म्हणून आम्ही द्यायचं सोडलं, तीच चूक झाली."

"कळलं."

"तुझ्या सासूबाई कधी यायच्यात?"

"जूनमध्ये," मी चाचरत म्हटलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "त्या मेथीचं काय झालं पुढे?"

मला क्षणभर कळलंच नाही. "आली ना," मी म्हटलं. "तुकडे शोधायला माती चाळून परत घातली, तर सगळीकडून उगवली. भरघोस आली."

"मग?"

"भाजी केली. लसूण घालून."

"कशी झाली?"

खरं सांगायचं तर इतकी चांगली मेथी मी इथे कधी खाल्ली नव्हती. पण ते सांगायची हिंमत करायला मला थोडा वेळ लागला.

"फार छान झाली होती, काका."

ते हसले. आवाज न करता, खांदे हलवत. मग तनूला विचारलं, बिस्किट हवंय का, एकच मिळेल, दोन मागितलीस तर बघू.